घरचा आकडा

"काटा मारलात, बाई," दुकानदार म्हणाला, आणि म्हणताना हसला, त्यामुळे पहिल्यांदा ते माझ्या अंगावर आलंच नाही. मी वाकून मैदानावरचे प्लॅस्टिकचे शंकू गोळा करत होते. अकरा शंकू एकात एक घातलेले, बारावा कुणीतरी लाथेने कुंपणापर्यंत उडवलेला. सामना संपून पाच मिनिटं झाली होती. हिरवा संघ नऊ, निळा संघ शून्य. हिरवा माझा, निळा त्याचा. त्याच्या हातात त्याच्या मुलाचे गोलकीपरचे हातमोजे होते, आणि मुलगा, ज्याला सगळी पोरं खांब म्हणतात आणि जो त्या नावाला ओ देतो, तो गोलच्या दांड्याला पाठ टेकून अजून तिथेच बसला होता. "सकाळी फळ्यावर यादी लागलीय, बघितली नाहीत?" दुकानदार म्हणाला. "तुमच्या लेकीपुढे दोन लिहिलंय. दोन! आज नऊतले सहा तिने मारले. दोनची पोर सहा मारते, तर माझा एकचा आहे, त्याने निदान तीन तरी अडवायला हवे होते की हो." बाजूला उभे असलेले दोघंतिघं आईबाप हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. मग त्याने हसू आवरलं. "चार वाजता बैठक आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलंय. उत्तर घेऊन या." त्याने हातमोजे एकमेकांवर आपटून माती झटकली, ती माझ्या बुटांवर पडली. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मला ही माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. रविवारी सकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, टोप्या घालून बसतात, एकमेकांना सांगतात की मुलं नुसती मजेसाठी खेळतात हो, जिंकणं हरणं काय, आणि शिट्टी वाजली की त्याच तोंडाने असे किंचाळतात की पंच म्हणून उभा असलेला कॉलेजातला मुलगा खाली मान घालतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे चार संघ, रविवारचे दोन सामने, एवढंच हे मंडळ. यातून कुणी मोठा खेळाडू होणार नाही हे प्रत्येकाला माहीत आहे, आणि आपलं पोर सोडून, असं प्रत्येकजण मनात म्हणतो. दोन वर्षांपूर्वी चार मित्र बापांनी मिळून आपली चारही धडधाकट पोरं एका संघात घेतली होती. त्या संघाने सगळ्यांना धुऊन काढलं, अर्धी मुलं रडत घरी गेली आणि पुढच्या वर्षी आलीच नाहीत. मग संघ समान करायचे ठरलं. ते कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे हे कुणाला तरी आठवलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जो एकदा हो म्हणतो त्याच्या गळ्यात सगळंच पडतं. मोजणी माझ्याकडे आली, वर हिरव्या संघाला शिकवायला कुणी मिळेना म्हणून तोही आला. मी पद्धत बसवली. मोसमाच्या आधी एक शनिवार पारखीचा. प्रत्येक मूल शंकूंमधून चेंडू काढतं, पास देतं, गोलवर पाच फटके मारतं, आणि तीन मोठी माणसं त्याला एक ते पाच यांतला आकडा देतात. मग चारही संघांची बेरीज सारखी येईल अशी मुलं वाटायची. शिकवणाऱ्याचं मूल शिकवणाऱ्याच्याच संघात जातं, त्यात वाटणीचा प्रश्न नाही. पण त्याचा आकडा? बापासमोर त्याच्या पोराला कमी लिहायला कुणी धजत नाही, आणि जास्त लिहिलं तर लाळघोटेपणा होतो. म्हणून मीच नियम केला की तो आकडा ज्याचा त्याने लिहावा, कागदाची घडी करून द्यावा, कुणी विचारू नये. घरचा आकडा. आपलं माप आपण खरं सांगावं एवढा भरवसा माणसावर टाकलाच पाहिजे, असं भाषणही मी त्या दिवशी ठोकलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

तर दुकानदाराने आपल्या मुलाला एक लिहिला. आणि कागदाची घडीही केली नाही, सगळ्यांसमोर लिहिला, लिहिताना म्हणाला, "खरं ते खरं, आमचा खांब आहे, चेंडू येऊन आपटला तर अडतो." खांब बाजूलाच उभा होता आणि बापाच्या कमरेला टेकून दात काढत होता. मी माझी घडी डॉक्टरांना दिली. हे डॉक्टर दातांचे, मंडळाचे अध्यक्ष, हळू बोलणारे, आता दुखेल हं असं सांगून दुखवणारे. बेरीज जुळवण्यापुरते ते आकडे त्यांनी एकट्याने बघितले, मग सगळ्या घड्या पाच आठवडे त्यांच्या टेबलाच्या खणात होत्या. तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी यादी करून आज सकाळी फळ्यावर लावली. त्यात लोकांनी जे वाचलं ते अगदी सोपं होतं, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच वाचलं असतं. माझ्या लेकीचे दोनच धरल्यामुळे माझ्या संघाच्या बेरजेत जागा उरली आणि त्या जागेत आणखी एक तगडा मुलगा आला. पाच सामने, पाच विजय, एकही चुरशीचा नाही. वजनमापवाल्या बाईने पारड्याखाली मेण लावलं.

स्कूटरवर लेक मागे बसली होती. हेल्मेट मोठं होतं, दर खड्ड्याला माझ्या पाठीवर आपटत होतं. चार चौक गेले, आणि मला वाटलं तिने काही ऐकलं नसावं. मग सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तू मला लपवलंस ना?" मला समजेना. "म्हणजे?" "दोन लिहून. म्हणजे त्यांना कळू नये मी कशी खेळते ते. सगळे म्हणत होते. खांबचे बाबा म्हणाले हुकमाचं पान बाईंनी खाली दाबून ठेवलं." तिच्या आवाजात राग नव्हता. मी आरशात बघायचा प्रयत्न केला, आरशात नुसतं हेल्मेट दिसलं, पण माझ्या पोटाभोवती तिचे हात होते ते घट्ट झाले. दहा वर्षांच्या मुलीला आपली आई लबाड आहे हे कळलं होतं आणि ती आनंदाने फुगली होती. तिला वाटत होतं की मी तिच्यासाठी चोरी केली. म्हणजे चोरण्याइतकी ती मोलाची होती. "लपवलंस ना? सांग ना, मी कुणाला नाही सांगणार," ती म्हणाली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला आणि मी गाडी पुढे काढली. घरी पोचल्यावर ती हेल्मेट माझ्या हातात देऊन दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. ती कधी अशी चढत नाही.

मी खोटं माप करत नाही. हे मी मोठेपणाने म्हणत नाही, हा माझा रोग आहे. अठरा वर्षं मी पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानं पालथी घातली, काटा सपाट जागेवर आहे का बघायचं, शून्य बघायचं, वजन मधे ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांवर ठेवायचं, मुभेत, म्हणजे चालेल एवढ्या फरकात, बसला तर शिक्का, नाही बसला तर सील. चहा मी घेत नाही, खुर्चीवर बसत नाही. बाजारात मला नावं ठेवतात ती मला माहीत आहेत. याच दुकानदाराकडे तीन वर्षांपूर्वी मी गेले होते. एक किलोचं वजन ठेवलं तर काटा नऊशे ऐंशी दाखवत होता. म्हणजे तो गिऱ्हाइकाला दर किलोमागे वीस ग्रॅम जास्त देत होता, किती महिने कोण जाणे. मी सील लावायला घेतलं तेव्हा तो रडकुंडीला आला. "अहो बाई, नुकसान माझं होतंय! सरकारचं काय जातंय? गिऱ्हाईक तर खुशीत आहे!" मी म्हटलं, काटा खोटा तो खोटा. तो कुणाच्या बाजूने झुकतो ते आमचं खातं बघत नाही. आठ दिवस त्याचा काटा बंद होता. तो माणूस तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता तीच नजर आज मैदानावर होती, पण आज त्यात थोडी मजाही होती. उद्या सोमवार. उद्या मी कुठल्याही दुकानात पेटी उघडली की गल्ल्यामागचा माणूस हसणार, आणि ते हसू मला आत्ताच, जिन्यात उभं राहून, ऐकू येत होतं. अठरा वर्षांत कमावलेली एकच गोष्ट माझ्यापाशी आहे, आणि ती एका पोरखेळाच्या मैदानात जायची वेळ आली.

घरात आई खिडकीपाशी खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसली होती. माझी आई. शहात्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, अजून लाल पेननेच कोडं सोडवते. नवरा बदलीच्या गावी असतो, त्याचा रविवारी फोन येतो आणि तो फक्त जिंकलो का एवढं विचारतो, त्यामुळे घरातल्या गोष्टी सांगायला मला आईच उरते, आणि तिला मी काही सांगत नाही. आज मी बूटही न काढता तिच्यासमोर उभी राहिले. "आई, चौथीत सहामाहीला गणितात तू माझे दोन गुण कापले होतेस." तिने चष्म्यावरून बघितलं. "चुकलं असेल काहीतरी." "चुकलं नव्हतं. पन्नासपैकी पन्नास होते. तू खोडून अठ्ठेचाळीस केलेस. अक्षरासाठी." "मग अक्षर वाईट असेल." "गणितात अक्षर?" "आकड्यांनाही वळण लागतं," ती म्हणाली. "तुझा नऊ एकासारखा दिसायचा. अजून दिसतो." मला तिच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं. मी शेहेचाळीस वर्षांची बाई आहे आणि मला माझ्या आईच्या हातातलं पेन काढून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. "आणि समज नसेल चुकलं," ती पुढे म्हणाली, शांतपणे, चौकटी भरता भरता, "तर काय झालं? बाईंची पोर, बाईंनीच पेपर तपासलेला, पन्नासपैकी पन्नास. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या. आपल्या पोराला आपण कमीच मोजावं. जास्त मोजायला जग बसलंय." "जग कुठे बसलंय?" मी ओरडले. "कुणी मोजलं मला जास्त? सांग, कुणी?" तिने पेनचं टोपण लावलं. "तू सरकारी अधिकारी झालीस," ती म्हणाली. "जेवायला वाढ. पोर भुकेली आहे."

त्या वर्गात मी तिला बाई म्हणायची. घरातून तिचा हात धरून निघायचं आणि शाळेचं फाटक आलं की हात सोडायचा, तिथून पुढे ती बाई. फाटकापाशी ती हात आधी सोडायची, मी कधी आधी सोडला नाही. पेपर वाटले त्या दिवशी मी माझा पेपर हातात घेऊन उभी राहिले. मी चारदा बेरीज केली होती. प्रत्येक उत्तरावर बरोबरची खूण होती आणि वर लाल शाईत पन्नासवर काट मारून अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. मी विचारलं, "बाई, दोन कुठे गेले?" सगळा वर्ग ऐकत होता, आणि आईचा चेहरा मी तेव्हा बघितला तो मला अजून दिसतो, म्हणजे त्यावर काहीच नव्हतं, फळा पुसल्यावर असतो तसा. "अक्षरात," ती म्हणाली. मी खाली बसले. पहिला नंबर एका लठ्ठ वेणीच्या मुलीचा आला, एकोणपन्नास गुणांनी. तिचं एक उदाहरण खरोखर चुकलं होतं, शेवटचं, टाकीत पाणी भरायचं. ती मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही, तिचं भलं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. मला वाटतं त्या दिवशी मी ठरवलं की एक दिवस माझ्या हातात अशी वजनं येतील की कुणाचं अक्षर बघून ती हलणार नाहीत. लोक याला ध्येय म्हणतात. मी त्याला सूड म्हणते.

जेवण झाल्यावर लेक खाली गेली आणि धप धप सुरू झालं. आमच्या इमारतीच्या खाली गाड्या लावायच्या जागेत एक मोकळी भिंत आहे. पाच आठवडे ती रोज तिथे डाव्या पायाने चेंडू मारते. पारखीच्या दिवशी घरी येताना मी तिला म्हटलं होतं, डावा पाय कच्चा आहे तुझा. आकडा किती दिला हे तिने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, पण डावा पाय तिने ऐकला. मी ताटं विसळत त्या धप धपकडे लक्ष देत उत्तर तयार करायला लागले. उत्तर खरं तर तयारच होतं, आणि खरंही होतं, निदान खऱ्यासारखं होतं: लबाडी करायची असती तर कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून मी निदान तीन लिहिला असता, मी दोन लिहिला कारण मला ती दोनची वाटली, आणि आपल्या मुलाच्या बाबतीत जरा हात आखडताच असावा अशी माझी शिकवण. लोक म्हणाले असते, अरेरे, बाई फारच कडक. माझं नाव वाचलं असतं. पण नळाखाली हात धरून उभी असताना तो शनिवार माझ्यासमोर आला, आणि मी तो पाच आठवडे बघायचा टाळला होता हे मला कळलं. ती शंकूंमधून चेंडू काढत आली होती. एकाही शंकूला धक्का नाही. मान वर होती, पायाकडे बघतच नव्हती, आणि शेवटी तिने गोलच्या कोपऱ्यात असा काही चेंडू टाकला की खांबने नुसता वळून पाहिला. माझ्या शेजारी उभे असलेले डॉक्टर वा म्हणाले. आणि मग ती वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. हात कमरेवर, धापा टाकत, तोंड अर्धवट उघडं, ती वाट बघत होती. ती नजर मी ओळखते, माझीच आहे, पेपर हातात घेऊन उभी होते तेव्हाची. आणि मला माया आली नाही. खरं सांगायचं तर माझ्या पोटात संताप उठला. हिला एवढं सहज हवंय? मला कुणी दिलं? मी मान खाली घातली, कागद घेतला आणि दोन लिहिला. हात आखडला म्हणून नाही लिहिला, लोक काय म्हणतील म्हणून नाही. काटा कुठे उभा होता ते मला स्पष्ट दिसत होतं. खाली धप धप चालू होतं. ताट माझ्या हातातून निसटून मोरीत पडलं आणि आई आतून म्हणाली, "सांभाळून."

चार वाजता मंडळाच्या खोलीत आम्ही पंधरावीस जण होतो. खोली म्हणजे सामानाची अडगळ, जाळ्या, हवा भरायचा पंप, गंजकं कपाट, ओल्या मोज्यांचा आणि रबराचा वास. मुलांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, म्हणून ती सगळी जाळीच्या खिडकीला नाकं लावून उभी होती. त्यात माझी लेकही होती. डॉक्टरांनी यादी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला. "कुणावर आरोप करायचा नाहीये," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक बाई म्हणाली की तिची मुलगी शनिवारी रात्रीपासून पोट दुखतं म्हणते, कारण रविवारी हरायचं असतं. दुसरा म्हणाला, "मंडळ बंद करा त्यापेक्षा." दुकानदार गप्प होता. मला वाटलं होतं तो सगळ्यात आधी तुटून पडेल. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझा पोरगा पाच सामन्यांत एकतीस गोल खाऊन बसलाय. तो हसतो, पण आता आंघोळीला गेला की बाहेर लवकर येत नाही. मला बाईंकडून एवढंच ऐकायचंय. त्यांना पोर दोनचीच वाटली असेल, तर ती चूक आहे, चूक माणसाकडून होते, मी सगळ्यांसमोर माफी मागतो. काटा मारलात म्हणालो ते शब्द मागे घेतो." डॉक्टरांनी लगेच ती दोरी पकडली. "होतं असं, बाई. आपल्या मुलाला आपण कमी लेखतो. तसंच झालं ना? तुम्हाला खरंच ती दोनची वाटली?"

सगळं समोर वाढून ठेवलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं की दुकानदार माफी मागणार होता, उद्याची पेटी पूर्वीसारखी उघडणार होती. मी तोंड उघडलं आणि खिडकीकडे बघितलं, खरं तर बघायचं नाही असं ठरवून आले होते. जाळीमुळे तिच्या गालावर चौकटी उमटल्या होत्या. डोळे चमकत होते. ती हळूच मान हलवत होती, नको सांगूस, नको सांगूस, आपलं गुपित आहे, अशी. मी हो म्हटलं असतं तर तिला त्याच क्षणी कळलं असतं की गुपित वगैरे काही नव्हतं. तिच्या आईने तिला बघितलं आणि दोन लिहिला. "नाही," मी म्हणाले. माझा आवाज दुकानात सील लावताना होतो तसा झाला होता. "ती दोनची नाही हे मला माहीत होतं. पारखीच्या दिवशीच माहीत होतं. मी जाणूनबुजून कमी लिहिला. काटा मारला." मग मागे कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी म्हणालं, "आणि ही बाई बाजारात शिक्के मारते," आणि एकदम सगळे बोलायला लागले. मला मजा वाटली की यातला एकही शब्द खोटा नव्हता. दुकानदार तेवढा बोलत नव्हता. तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता, वजन बरोबर असूनही काटा हलत राहिला की बघतात तसं. हिरव्या संघाचे पाचही विजय रद्द झाले. संघ नव्याने वाटायचे ठरलं. मोजणीतून मला काढलं, ते काम डॉक्टरांनी घेतलं. मी सगळ्याला मान हलवली. खिडकीतला चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवेना, आणि खरं सांगते, माझ्या आतही काहीतरी सैल झालं, छत्तीस वर्षं घट्ट बांधलेलं. मी तिला काहीतरी दिलं होतं. चोरीचं असेना का.

"आता तिचा खरा आकडा टाकू," डॉक्टर म्हणाले आणि पेन उचललं. "पाच ना?" "थांबा," दुकानदार म्हणाला. "घरचा आकडा घरच्याने लिहायचा. नियम आहे. आपण लिहिला तर उद्या म्हणतील सूड घेतला." त्याने यादी माझ्याकडे सरकवली. पेन लाल होतं, डॉक्टरांना दुसरं सापडलं नसेल. मी दोनवर काट मारली. त्याच्या शेजारी लिहायचं होतं फक्त. पाच, एक अंक, लहान मूलही लिहितं. यादीत आणखी एकच पाच होता, तगड्या मुलांपैकी एकाचा, आणि मला तो मुलगा आठवला, त्याचे दोन्ही पाय सारखे चालतात. मग सकाळच्या सामन्यातला तिचा एक फटका आठवला, डाव्या पायाचा, बाहेर गेलेला. सहा आत गेले होते. बाहेर गेलेला एक आठवला. माझा हात खाली आला आणि त्याने लिहिलं. मी यादी परत सरकवली. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि सवयीने मोठ्याने वाचलं. "चार." मग म्हणाले, "चार. बरं. चार चालेल." दुकानदाराने यादी ओढून घेतली, बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि या खेपेला त्याच्या नजरेत मजा नव्हती, रागही नव्हता. त्याला सगळं कळलं असावं. त्याने माझी कीव केली, आणि त्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

स्कूटरपाशी ती आधीच हेल्मेट घालून उभी होती. पट्टा स्वतःच लावला होता. मागे बसली, पण हात माझ्या पोटाभोवती टाकले नाहीत, सीटच्या मागची दांडी धरली. दुकानदार आणि खांब समोरून पायी चालले होते, खांबने हातमोजे घातलेलेच होते आणि तो बापाला काहीतरी सांगत हात लांब करून दाखवत होता. मी गाडी चालू केली. फाटकातून बाहेर पडलो. पहिला चौक गेला, दुसरा गेला. "तू म्हणालीस तुला माहीत होतं," ती मागून म्हणाली. "होतं," मी म्हणाले. "मी पाचची आहे हे माहीत होतं?" मी म्हणाले, "हो." यापुढे काय येणार ते मला माहीत होतं आणि मी गाडीचा वेग वाढवला, जणू काही ते मागे राहील. वाऱ्यात तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट आले. "मग एक कुठे गेला?"

मी काही ठरवलं नव्हतं. मला वेळच मिळाला नाही. माझं तोंड उघडलं आणि त्यातून जो आवाज आला तो माझा नव्हता, फळा पुसून झालेला आवाज होता तो.

"डाव्या पायात."

ती पुढे काही बोलली नाही. चौथीत मीही पुढे काही बोलले नव्हते.